मराठवाड्यातला इलेक्ट्रॉनिक पॉप : पहिल्या गाण्याचा मास्टर कुणाकडे?

स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, लॅपटॉपवर संगीत उभं करायचं आणि स्वतःच गायचं, असे गायक मराठवाड्यात ठळकपणे दिसू लागले ते २०१६ नंतर. त्याआधीचा काळ थोडक्यात सांगून पुढे जातो. आज या गायकांचे यूट्यूब चॅनलांशी गाण्याच्या मास्टरवरून, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या हक्कावरून, जे तंटे चालतात, ते त्या काळच्या व्यवहाराच्या सवयींतून आलेले आहेत, एवढ्यापुरताच तो इथे कामाचा.

जयंतीच्या स्टेजवर, कव्वालीच्या सामन्यांत आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टापॅड कॅसेटच्या जमान्यातच आले होते. कंपनी कोणतीही असो, कीबोर्डला ‘कॅसिओ’च म्हणायचं. ढोलकी-हलगीचे आवाज पॅडवर लावले की तिघांचं काम एकावर भागायचं आणि जीपमध्ये जागाही व्हायची. नामांतराच्या आंदोलनापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत आणि त्यानंतरही गावोगाव फिरलेल्या गायनपार्ट्यांनी हा आवाज इथल्या कानांना सवयीचा केला. त्याचं श्रेय हल्ली सरसकट डीजेंना दिलं जातं, ते काही पटत नाही.

पैशाचा हिशेब साधा होता. रेकॉर्डिंगचे एकरकमी पैसे, कागद बहुधा नाहीच. कवीची नोंद काय ती शेवटच्या कडव्यात गुंफलेलं त्याचं नाव. पुढे डीजेंनी ध्रुपद आणि पहिलं कडवं उचलून १२८-१३० बीपीएमवर (मिनिटाला तेवढे ठोके) रिमिक्स काढले, तेव्हा शेवटचं कडवं गळालं आणि कवीही गळाला. त्या जागी डीजेच्या नावाची आरोळी आली.

व्हीसीडी, मेमरी कार्ड आणि कॉलर ट्यूनचा मधला टप्पा कलाकारासाठी कोरडाच गेला. मोबाइलच्या दुकानात कार्ड गाण्यांनी ‘भरून’ मिळायचं, त्यातला छदामही गायकापर्यंत यायचा नाही. कॉलर ट्यूनची कमाई ज्याच्याकडे रेकॉर्डिंगचे हक्क त्याची.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं. त्याच सुमाराला टिकटॉकवर पंधरा सेकंदांच्या तुकड्याने गाणी चालू लागली होती. २९ जून २०२० ला त्यावर बंदी आली आणि ज्यांचा सगळा पसारा तिथेच होता त्यांना इन्स्टाग्रामवर नव्याने मांडामांड करावी लागली. याच चार-पाच वर्षांत ‘घरचा स्टुडिओ’ रूढ झाला.

हा स्टुडिओ म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा बाय बाराची खोली, एक कंडेन्सर माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस, हेडफोन आणि एफएल स्टुडिओ हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर. अडचणी इथल्या हवेच्या आणि विजेच्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा बंद केल्याशिवाय व्होकल, म्हणजे गाण्याचा आवाज, घेता येत नाही, म्हणून गाणं रात्री. छत पत्र्याचं असेल तर संध्याकाळी पत्रा निवताना टकटक वाजतो आणि ती टकटक रेकॉर्डिंगमध्ये उतरते. अकराच्या आत रेकॉर्डिंगला बसूच नये. घुमारा मारायला वाकळी टांगतात, पण बरेच जण त्या माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइकला पाठीमागचं कमी आणि समोरचं जास्त ऐकू येतं, तेव्हा वाकळ गायकाच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंना हवी. तिने वरच्या पट्टीतला घुमारा जातो, खर्जातला जात नाही. त्यासाठी कोपरा सोडून उभं राहायचं आणि तोंड माइकपासून १५-२० सेंटिमीटरवर ठेवायचं.

घराला नीट अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत भुणभुण येते. लाइट गेल्यावर स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काम चालवलं तर ती वाढते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघायचा; भुणभुण थांबली तर दोष माइकचा नाही. ‘नंतर सॉफ्टवेअरने काढू’ म्हणणाऱ्यांच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, कारण आवाज साफ करणारं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) त्यांनाही कचरा समजतं.

सूर आपोआप जागेवर आणणाऱ्या ऑटोट्यूनबद्दल एक गोष्ट. भैरवीच्या अंगाने जाणारी चाल इथल्या गायकांच्या गळ्यात सहज असते आणि प्लगइनमध्ये ते ‘मायनर’ निवडून मोकळे होतात. मायनर सप्तकात रिषभ शुद्ध आहे, भैरवीत कोमल. प्लगइन कोमल रिषभाला शेजारच्या षड्जाकडे किंवा शुद्ध रिषभाकडे ओढतं आणि ओळ बेसूर वाटते. दोष मात्र गायकाच्या माथी. कोमल रिषभ असलेलं फ्रिजियन सप्तक निवडायचं किंवा सूर एकेक करून हाताने लावायचे. रीट्यून स्पीड, म्हणजे सूर जागेवर ओढायचा वेळ, शून्यावर असेल तर मींड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. २० ते ३० मिलिसेकंदांवर गळ्यातली हरकत जगते.

हलगी खरी वाजवून तिचे नमुने घेतले, तर गाणं विकत घेतलेल्या सॅम्पल पॅकपेक्षा वेगळं उठतं. शेकून ताणलेली हलगी दमट हवेत लवकर उतरते, म्हणून सगळे ठोके एकाच बैठकीत घ्यायचे : प्रत्येक ठोका हलका, मध्यम आणि जोरकस, प्रत्येकी पाच-सहा वेळा. माइक दीड-दोन फुटांवर, किंचित तिरका, आवाजाची सर्वांत वरची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. एकच नमुना पुन्हापुन्हा वाजवला की हलगी यंत्रासारखी खडखडते. ठोके मोजून रेषेवर बसवणारं क्वांटाइझ शंभर टक्के लावलं की ठेक्यातला झोल जातो, ५०-६० टक्के पुरे.

आता मूळ वादाकडे. एवढं सगळं एकट्याने केल्यावर गाणं स्वतःच्या नावाने वितरित करायचं, की आधीच लाखो सबस्क्रायबर असलेल्या एखाद्या यूट्यूब चॅनलला द्यायचं? मराठवाड्यातल्या बहुतेकांनी पहिलं गाणं चॅनलला दिलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. व्हिडिओचा खर्च चॅनल करतं, बघणारे पहिल्या दिवशी तयार असतात, आणि नव्या गायकाला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम गाठून स्वतःच्या चॅनलवर जाहिराती सुरू करायला फार वेळ लागतो. चॅनलवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही : दहा व्हिडिओंतले नऊ खर्चही काढत नाहीत, तेव्हा चाललेल्या एकावर पूर्ण हक्क हवाच.

पण व्यवहारात ‘गाणं दिलं’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी एकदम जातात. शब्दांचा हक्क, चालीचा हक्क, ध्वनिमुद्रणाचा म्हणजे मास्टरचा हक्क, आणि गायक म्हणून असलेला सादरकर्त्याचा हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या चारही गोष्टी अलग आहेत आणि त्यांची मुदतही अलग : शब्द आणि चाल कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं, सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, आणि निर्माता तो, ज्याने ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली. घरी स्वतःच्या पैशाने केलेल्या गाण्यात हे चारही हक्क सुरुवातीला एकाच माणसाकडे असतात. कॅसेटच्या काळातल्या गायकाला ही मोक्याची जागा कधीच मिळाली नव्हती. ती पाच हजार रुपये आणि एका शूटिंगच्या बदल्यात सोडून द्यायची, हा सौदा निव्वळ हिशेबानेही तोट्याचा आहे.

गुंता व्हिडिओमुळे वाढतो. कायद्याच्या नजरेत म्युझिक व्हिडिओ हा चित्रपटच, आणि त्याचा निर्माता चॅनल. व्हिडिओ त्यांचा हे बरोबर. त्यावरून आत वाजणारं ध्वनिमुद्रणही त्यांचं असं ते धरून चालतात, ते आपोआप होत नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो, त्यात कोणता हक्क, किती मोबदला, किती मुदत आणि कोणता प्रदेश हे यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला : हस्तांतरण केल्यावरही गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सुटत नाही, आणि तो सोडून देतो असं लिहून घेतलं तरी ते कलम टिकत नाही.

म्हणूनच तयार मसुद्यांत ‘कायमस्वरूपी, जगभर, सद्य व भावी सर्व माध्यमांत’ ही ओळ असते. शंभराच्या स्टॅम्पवर (ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या) ही ओळ छापून येते आणि सही शूटिंगच्या दिवशी, मेकअप चालू असताना घेतली जाते. त्या एका ओळीत पाच वर्षांची मर्यादाही जाते आणि भारताचीही.

मधला मार्ग आहे आणि तो अवघड नाही. आधी ऑडिओ, गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोहोचवणाऱ्या वितरकामार्फत, स्वतःच्या नावाने टाकायचा : २४ बिट डब्ल्यूएव्ही फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं कव्हर, रिलीजची तारीख किमान तीन आठवडे पुढची, म्हणजे स्पॉटिफायच्या संपादकांकडे सात दिवस आधी गाणं मांडता येतं. वितरक आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकी ओळखक्रमांक, देतो, तो कागदावर उतरवून ठेवायचा. त्यानंतर चॅनलला फक्त व्हिडिओपुरता परवाना द्यायचा, तीन वर्षांचा, आयएसआरसी नमूद करून, आणि ‘या ध्वनिमुद्रणावर चॅनल कंटेंट आयडी लावणार नाही’ असं एक वाक्य घालून. (कंटेंट आयडी म्हणजे नोंदवलेला आवाज दुसऱ्या व्हिडिओंत ओळखून दावा लावणारी यूट्यूबची यंत्रणा.) बरीच चॅनलं आधी नाही म्हणतात. गाण्याचा तुकडा रील्सवर चालत असेल तर हो म्हणतात.

ते वाक्य राहिलं तर पुढे काय होतं, हे ठरलेलं आहे. चॅनल ऑडिओ कंटेंट आयडीत नोंदवतं. गायक वर्षभराने स्वतःच्या चॅनलवर तेच गाणं लाइव्ह व्हिडिओखाली टाकतो आणि त्याच्यावरच दावा येतो. हरकत घेतली की दावेदाराला ३० दिवस मिळतात. हरकत फेटाळली तर अपील, त्यावर ७ दिवस. अपील हरलं तर व्हिडिओ उतरतो आणि चॅनलवर स्ट्राइक (कॉपीराइटभंगाचा ठपका) बसतो. हातात आयएसआरसी, तारखेसकट प्रोजेक्ट फाइल आणि करार नसेल तर अपिलापर्यंत जाऊच नये.

दुसरी फट भाड्याच्या बीटची, म्हणजे तयार वाद्यसंगीताची. नेटवरून स्वस्तात घेतलेला बीट बहुधा अनन्य नसतो. तोच आणखी कितीतरी जणांकडे असतो. असं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलं तर परक्या गाण्यांवर दावे जातात आणि वितरक खातं गोठवतो. सॅम्पल पॅकमधला लूप जसाच्या तसा उघडा वाजत असेल तरी हीच गत.

तिसरी फट गावातल्या अरेंजरची, म्हणजे संगीत संयोजन करून देणाऱ्याची. पैसे दिले म्हणून फाइलीही मिळतात असं नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी स्टेम घ्यायचे : प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे पहिल्या बारपासून सुरू होणारे, टेम्पो आणि पट्टी नावातच लिहिलेली, व्होकल इफेक्टसह आणि इफेक्टविना असे दोन्ही. अरेंजरने चालीत भर घातली असेल तर संगीतकार म्हणून त्याचा वाटा टक्क्यांत तेव्हाच लिहून टाकावा, नाहीतर हक्कवसुलीच्या संस्थेकडे एकाच गाण्याच्या दोन नोंदी जातात आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

उत्पन्नाचं बोलायचं तर स्ट्रीमिंगवर घर चालत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम न गाठणाऱ्या गाण्याला त्या ध्वनिमुद्रणापोटी काहीच मिळत नाही. यूट्यूबच्या खात्यात कराची माहिती भरली नाही तर जगभरच्या कमाईतून कपात होऊ शकते. भरली तर भारत-अमेरिका करारानुसार ती फक्त अमेरिकेतल्या कमाईवर १५ टक्के. खरा पैसा अजून स्टेजचाच : जयंती, गणेशोत्सव, कॉलेजची गॅदरिंगं. तिथे ‘ट्रॅकवर (आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर) गातो’ म्हणून नाकं मुरडणारे संयोजक होतेच, आता कमी झालेत. तांत्रिक अडचण मात्र कायम आहे. मंडपातली सिस्टिम बहुतेक वेळा मोनो चालते, म्हणजे सगळ्या स्पीकरना एकच आवाज जातो. हेडफोनवर रुंद केलेल्या सिंथच्या डाव्या-उजव्या बाजू एकत्र आल्या की एकमेकींना खातात आणि स्टेजवर नुसतं ड्रम आणि आवाज उरतो. म्हणून मिक्स मोनोत ऐकून पक्कं करायचं आणि कार्यक्रमासाठी व्होकल काढलेला मोनो ट्रॅक वेगळा ठेवायचा.

२०१९-२० मध्ये सह्या केलेल्यांपैकी ज्यांच्या कागदावर मुदत लिहिलेली नव्हती, त्यांची पाच वर्षं आता भरली आणि हक्क परत आले. वितरक बदलताना त्यांनी जुनाच आयएसआरसी, तीच फाइल आणि नावाचं तेच स्पेलिंग वापरावं आणि नवी नोंद दिसल्यावरच जुनी उतरवावी. उलटं केलं तर स्ट्रीमचा आकडा शून्यावर येतो. ‘कायमस्वरूपी’वर सही केलेल्यांपैकी ज्यांनी फक्त ध्वनिमुद्रण दिलं आणि शब्द-चाल स्वतःकडे राखली, ते तीच गाणी नव्या संगीतात पुन्हा रेकॉर्ड करू शकतात. त्याआधी करारात पुन्हा रेकॉर्डिंगला मनाई करणारं कलम आहे का, ते बघून घ्यावं. बऱ्याच मसुद्यांत ते मोबदल्याच्या कलमाखालीच बारीक टायपात असतं.