पुएब्लाची 'हिंदुस्थानी राजकन्या' आणि तिचा न घातलेला घागरा

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात आजही सांगतात: टिकल्यांचा झगमगता घागरा आणि भरतकामाचा पांढरा ब्लाउज, म्हणजे 'चीना पोब्लाना' पोशाख, एका मुघल राजकन्येने इथे आणला. गोष्ट झकास, पण खरी नाही. बाई मात्र खरी. कातारिना दे सान हुआन मूळची हिंदुस्थानातली मानली जाते. १७व्या शतकात मनिलाहून गलबताने गुलाम म्हणून आली. १६८८ मध्ये वारली तेव्हा लोक तिला संतच मानत. राहणी अगदी साधी. टिकल्यांचं तिला वावडंच असावं! हा पोशाख १९व्या शतकातल्या मेक्सिकन स्त्रियांचा. त्याची तिच्याशी सांगड फार नंतर घातली गेली. राजघराण्याची कथाही भाविक चरित्रकारांच्याच लेखणीतून आलेली. तिची कबर कोंपान्यिया चर्चमध्ये आहे.