हॅझर्ड, रोलंड

(२९ ऑक्टोबर १८८१ – २० डिसेंबर १९४५). अमेरिकन उद्योजक. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' (एए) ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना ज्या साखळीतून उभी राहिली, तिची सुरुवातीची कडी. संस्थापक म्हणून बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांचीच नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. हॅझर्ड एएमध्ये कधी आलेही नाहीत.

र्‍होड आयलंडमधील पीस डेल हे त्यांचे गाव. लोकरीच्या गिरण्या हा घराण्याचा धंदा. येल विद्यापीठाचे पदवीधर असलेले हॅझर्ड काही काळ राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. दारू सुटेना म्हणून ते झुरिकला स्विस मनोविश्लेषक कार्ल युंगकडे गेले. एएच्या १९३९ च्या मूळ ग्रंथानुसार युंगने साफ सांगितले, की वैद्यकाकडे यावर इलाज नाही. क्वचित एखादा सुटतो तो आध्यात्मिक अनुभवाने अंतर्बाह्य पालटल्यावर. आपण धर्मनिष्ठ आहोतच, असे हॅझर्डनी म्हणताच तेवढ्याने भागणार नाही, हेही ऐकावे लागले. ही भेट १९३१ ची, असे सर्रास लिहिले जाते. कौटुंबिक कागदपत्रे मात्र १९२६ कडे बोट दाखवतात.

मायदेशी त्यांना फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती धार्मिक चळवळीचा आधार मिळाला. तेथील रीत अशी : स्वतःच्या दोषांची झाडाझडती घ्यायची, ती दुसऱ्याजवळ बोलून दाखवायची, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करायची, रोज सकाळी कागद-पेन्सिल घेऊन शांत बसायचे आणि हे सारे दुसऱ्या गरजूपर्यंत पोचवायचे. दारूमुक्तीसाठी एएने पुढे आखलेल्या बारा पायऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायऱ्यांचे मूळ येथे सापडते.

ऑगस्ट १९३४ मध्ये व्हरमाँटमधील बेनिंग्टन येथे एबी थॅचर या मद्यपीची रवानगी मनोरुग्णालयात होण्याच्या बेतात होती. हॅझर्ड व ग्रुपमधल्या आणखी दोघांनी त्याची हमी घेतली. न्यायाधीश त्यांच्यापैकीच एकाचे वडील असल्याने काम सोपे झाले. नोव्हेंबरात एबीने ब्रुकलिनमध्ये विल्सन यांना गाठले; ११ डिसेंबरला विल्सन टाउन्स रुग्णालयात दाखल झाले आणि त्यानंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. १० जून १९३५ हा स्मिथ यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस एएचा स्थापनादिन मानतात.

ही रीत जशीच्या तशी टिकली नाही. संपूर्ण सचोटी, पावित्र्य, निःस्वार्थीपणा व प्रेम या ग्रुपच्या चार निरपवाद कसोट्या नुकत्याच दारू सोडलेल्यांना झेपत नसत. शिवाय ग्रुपला प्रसिद्धी हवी, तर मद्यपींना आडोसा. न्यूयॉर्कची मंडळी १९३७ मध्ये वेगळी झाली, ओहायोतील अ‍ॅक्रनची, म्हणजे स्मिथ यांच्या गावची, १९३९ मध्ये. खुद्द हॅझर्डही पुढे पुन्हा दारूकडे घसरल्याचे आढळते. एबीचेही वारंवार तेच झाले, तरी विल्सन त्याला अखेरपर्यंत आपला 'स्पॉन्सर' (दारू सोडताना वाट दाखवणारा सोबती) म्हणत.

मूळ ग्रंथात हॅझर्ड यांचे नाव नाही. 'एक अमेरिकन व्यावसायिक' एवढाच उल्लेख आहे. जानेवारी १९६१ मध्ये विल्सन यांनी युंगला पत्र लिहून हे ऋण कळवले, तेव्हा नाव घेतले. युंगचे उत्तर आठवड्याभरात आले : रोलंड एच. यांची पुढे काही खबर मिळाली नव्हती आणि त्यांचे काय झाले असेल, असे आपल्याला अनेकदा वाटे.