शिपायासाठीचं पत्रक आणि शिपायावरचं पत्र

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले दोन उपरोधिक कागद सर्रास एकाच माळेत ओवले जातात: १७७५ चं बोस्टनचं पत्रक आणि १८ फेब्रुवारी १७७७ ही तारीख घातलेलं ‘हेसियनांच्या विक्री’चं पत्र (हेसियन म्हणजे ब्रिटिशांनी भाड्याने घेतलेले जर्मन शिपाई). दोन्हींत शिपायाचीच दैना आहे. पण पहिलं ब्रिटिश शिपायाच्या हाती पडावं म्हणून छापलेलं, दुसरं शिपायासाठी नव्हतंच.

बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईनंतर (१७ जून १७७५) ती टेकडी ब्रिटिशांकडे राहिली, समोर प्रॉस्पेक्ट हिलवर अमेरिकनांचे मोर्चे. पत्रकात दोन टेकड्यांचे दोन रकाने. प्रॉस्पेक्ट हिलवर महिना सात डॉलर, ताजं अन्न, आरोग्य, आणि स्वातंत्र्यासह चांगली शेतजमीन. बंकर हिलवर रोज तीन पेनी, कुजकं खारवलेलं डुकराचं मांस, स्कर्व्ही (ताज्या भाजी-फळांअभावी होणारा रोग), आणि गुलामीसह भीक. चारच मुद्दे, अडखळत वाचणाऱ्यालाही पुरणारे. आकडे मात्र सोयीने वाकवलेत. अमेरिकन शिपायाचा ठरलेला पगार ६ २/३ डॉलर होता. ब्रिटिशाला कागदोपत्री रोज आठ पेनी. कपडे-जेवणाची कपात होऊन हातात फार थोडं उरे. त्यामुळे ‘तीन पेनी’ त्याला खोटं वाटणं कठीण.

पत्रात एक काल्पनिक जर्मन काउंट (सरदार) आपल्या सेनापतीला शाबासकी देतो: ट्रेंटनच्या लढाईत १,९५० पैकी १,६०५ मेले! इंग्रज १,४५५ च मोजतात, ही त्याची तक्रार, कारण मेलेल्यामागे त्याला इंग्रजांकडून पैसे मिळायचे. जखमींना वाचवायची फार धडपड नको, असंही तो सुचवतो. प्रत्यक्षात ट्रेंटनला (२६ डिसेंबर १७७६) हेसियन मेले वीसेक, पकडले गेले नऊशेच्या आसपास. मेलेल्यांचा आकडा कपोलकल्पित, पण हिशेबाची रीत नाही: ब्रन्सविक या जर्मन संस्थानाशी ब्रिटिशांच्या झालेल्या करारात तीन जखमी म्हणजे एक मृत, असं कलम खरोखर होतं. (आपल्या तैनाती फौजेच्या उलट प्रकार: तिकडे जर्मन संस्थानिकच इंग्रजांना फौज भाड्याने देई.) पत्र फ्रेंचमध्ये फिरलं, युरोपातल्या शिकलेल्या वाचकासाठी. ते अमेरिकन नेता बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर खपतं, पक्का पुरावा नाही. शिपायाला त्यात देऊ केलेलं काहीच नाही.

दोन्ही कागद एकाच माळेत ओवण्याचा घोटाळा होतो तो तिसऱ्या कागदामुळे. १४ ऑगस्ट १७७६ च्या अमेरिकन काँग्रेसच्या (प्रतिनिधी सभेच्या) ठरावाने फितणाऱ्या हेसियनाला ५० एकर जमीन कबूल केली. त्याचं जर्मन भाषांतर छापलं. काही प्रतींच्या पाठीवर तंबाखूवाल्याची छाप होती. बेत असा की त्यांत तंबाखू बांधून पुड्या होड्यांतून लुटीसारख्या सापडू द्यायच्या, म्हणजे अधिकाऱ्यांना कळायच्या आत वाटल्या जातील. या कागदात विनोद औषधालाही नाही.