तिजोरी वारसाची, किल्ली दुसऱ्याची

‘फॅमिली ऑफिस’ हा शब्द आता अर्थविषयक पानांवर वरचेवर दिसतो. एकाच घराण्याचा पैसा सांभाळण्यासाठी उघडलेली खासगी कचेरी, असा त्याचा साधा अर्थ. गुंतवणूक बघणारे, करसल्लागार आणि वकील तिथे असतातच. शिवाय घरातल्या मंडळींचे बंगले, विमाने, चित्रसंग्रह, देणग्या आणि वेळप्रसंगी भांडणेही तिथूनच निस्तरली जातात. शब्द नवा असला तरी त्यामागची धास्ती जुनी आहे. कमावून ठेवणाऱ्याला एक भीती राजाची असते आणि दुसरी पोटच्या पोराची. पहिली तो चारचौघांत बोलून दाखवतो. दुसरी दस्तऐवजाच्या बोजड भाषेत लपवतो. संपत्ती पुढच्या पिढीकडे नेण्याच्या ज्या युक्त्या इतिहासात टिकल्या, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या भीतीतून जन्मल्या, असे माझे मत आहे. वारसाला उपभोग द्यायचा, मालकी द्यायची नाही, एवढेच त्यांचे सार.

रोमन कायद्यात याची जुनी खूण सापडते. मृत्युपत्र करणारा वारसाला विनंती करी की हे तुला देतो आहे, पण पुढे अमक्याच्या स्वाधीन कर. सुरुवातीला ती निव्वळ विनंतीच होती. पाळली तर पाळली. सम्राट ऑगस्टसच्या काळात तिला कायद्याचे बळ मिळाले आणि लोकांनी ती पिढ्यानपिढ्या ताणायला सुरुवात केली. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने अखेर चार पिढ्यांची मर्यादा घातली. मेलेल्याचा शब्द जिवंतांवर किती काळ चालावा, हे भांडण तेव्हापासून मिटलेले नाही.

इंग्लंडमध्ये या भांडणाचे शास्त्र झाले. मध्ययुगात तिथे जमीन सहसा मृत्युपत्राने देता येत नसे. ती थोरल्या मुलाकडे जाई. मालक मेला की वरच्या सरंजामदाराची देणी भागवावी लागत, आणि वारस अल्पवयीन असेल तर जमिनीचा ताबाच सरंजामदाराकडे जाई. यावर जमीनदारांनी तोड काढली. हयातीतच जमीन चार भरवशाच्या मित्रांच्या नावे करायची. नाव त्यांचे, उत्पन्न आपल्या माणसांचे. एक मित्र गेला तरी बाकीचे उरत, त्यामुळे कागदोपत्री मालक कधी मरतच नसे. यात सर्वांत जास्त बुडत होते ते राजाचे. आठव्या हेन्रीने १५३६मध्ये कायदा करून ही वाट बुजवायला घेतली, पण चारच वर्षांत त्याला नमते घेऊन बऱ्याच जमिनी मृत्युपत्राने देण्याची मुभा द्यावी लागली. उरलेली फट वकिलांनी शोधली. आजचा ट्रस्ट त्या फटीतून वर आला आहे.

सतराव्या शतकात यादवी युद्धाच्या धामधुमीत इंग्रज वकिलांनी याहून बेरकी रचना बसवली. ती नीट पाहण्यासारखी आहे. मुलगा एकविसाचा झाला किंवा लग्नाला उभा राहिला की कागद पुढे येत. त्या वेळी त्याच्या खिशात पैसा नसे, डोक्यावर उधारी मात्र असे. वडील त्याला आतापासूनच सालाना ठरावीक रक्कम बांधून देत. बदल्यात मुलगा सही करी की वडिलांमागे मिळकतीवर माझा हक्क हयातीपुरताच राहील, विकायचा किंवा उडवायचा अधिकार मला नाही, आणि माझ्यानंतर ती माझ्या थोरल्या मुलाकडे जाईल. हा थोरला मुलगा तेव्हा जन्मलेलाही नसे. तो वाढून एकविसाचा झाला की बाप त्याला त्याच टेबलाशी बसवी. म्हणजे हवेलीत राहणारा प्रत्येक जण एक प्रकारे भाडेकरू, आणि खरा मालक कायम अजून जन्मायचा! थोरल्याच्या पाठच्या भावांनी सैन्यात किंवा चर्चमध्ये पोट भरावे, हे त्यात गृहीत होते. इंग्लंडमधल्या मोठमोठ्या जमीनदाऱ्या दोनेक शतके अशा टिकल्या.

या खेळाची हद्द पाहिली ती पीटर थेलुसन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने. तो १७९७मध्ये वारला. मृत्युपत्र उघडल्यावर घरच्यांना धक्काच बसला. बायकामुलांना त्याने सुमारे १ लाख पौंड ठेवले होते, जे त्या काळी थोडे नव्हते. उरलेल्या जवळजवळ ६ लाखांना मात्र कुणी हात लावायचा नव्हता. त्याच्या मृत्यूच्या वेळी हयात असलेले मुलगे आणि नातू यांतला शेवटचा जण मरेपर्यंत उत्पन्न मुद्दलातच मिळवत जायचे आणि मग तो डोंगर पुढच्या पिढीतल्या थोरल्या पुरुष वारसांना द्यायचा. चक्रवाढीचा हिशेब मांडून लोक घाबरले. एक घराणे सगळा देशच विकत घेईल अशी चर्चा सुरू झाली. मुलांनी दावा लावला, पण १८०५मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने मृत्युपत्र कायदेशीर ठरवले. दरम्यान संसदेने १८००मध्ये कायदा करून अशा साठवणुकीवर मर्यादा घातली होती, तीही थेलुसनच्या पैशाला लागू नव्हती. वारस नेमका कोण, हा प्रश्न १८५९मध्ये सुटला. तोवर ६२ वर्षे गेली होती. डोंगर मात्र उभा राहिलाच नाही. कोर्टखर्च आणि ढिसाळ कारभार यांत वाढ जिरून गेली आणि वारसांच्या हाती पडले ते मूळ रकमेहून फारसे जास्त नव्हते. चक्रवाढ व्याजाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

जमीनदार आपल्या पैशाला कुलूप लावू शकत होता, कारण जमीन जागची हलत नाही. व्यापाऱ्याला तसे करून चालत नाही. त्याचा पैसा फिरता हवा. जपानमधल्या मित्सुई घराण्याने यावर काढलेला तोडगा मला सगळ्यांत आवडतो. मित्सुई ताकातोशीने १६७३मध्ये आजच्या तोक्योत, म्हणजे तेव्हाच्या एदोत, कापडाचे दुकान काढले आणि उधारी बंद करून ठरावीक दराने रोख विक्री सुरू केली. तो १६९४मध्ये गेल्यावर मुलांनी वाटणीच केली नाही. १७१०मध्ये त्यांनी ‘ओमोतोकाता’ नावाची मध्यवर्ती कचेरी स्थापली. सगळी दुकाने आणि पेढ्या तिच्या मालकीच्या. ती त्यांना भांडवल पुरवी आणि नफ्यातून आपला वाटा घेई. घराण्याच्या शाखांना ठरलेल्या हिश्शांप्रमाणे रक्कम मिळे, पण भांडवल काढून नेता येत नसे. १७२२च्या घराण्याच्या नियमावलीत असे २२० हिस्से नोंदले आहेत. मुलांनी लहान वयापासून दुकानात उमेदवारी करायची, असाही दंडक होता. जपानी व्यापारी घराण्यांत मुलगा नालायक निघाला तर हुशार कारकुनाला जावई करून दत्तक घेण्याची रीतही होती, आणि तिचा कुणाला संकोच वाटत नसे. फॅमिली ऑफिस ही अमेरिकेची देणगी समजली जाते. या कचेरीकडे पाहिले की ती समजूत जरा डळमळते.

युरोपात रॉथशिल्ड या सावकारी घराण्याने विश्वासाचे वर्तुळ रक्तापुरते आवळले. घराण्याचा मूळ पुरुष, फ्रँकफुर्टचा मायर आम्शेल, १८१२मध्ये वारला. धंद्यात फक्त मुलगे. मुली, जावई आणि त्यांचे वारस यांना वाटा नाहीच, शिवाय वह्या तपासायचाही हक्क नाही, असे तो लिहून गेला. पाच मुलगे फ्रँकफुर्ट, लंडन, पॅरिस, व्हिएन्ना आणि नेपल्स असे पसरले. पुढे पैसा बाहेर जाऊ नये म्हणून घरातल्या घरात इतकी लग्ने झाली की वंशावळ वाचताना गोंधळ उडतो. सर्वांत धाकट्या जेम्सने तर १८२४मध्ये सख्ख्या पुतणीशीच लग्न केले. हा हिशेब मुलींच्या वाट्यावर पाणी सोडून जमवलेला होता, हे मात्र त्या घराण्याच्या कौतुकात सहसा कुणी सांगत नाही.

फ्रान्सने उलटा रस्ता धरला. क्रांतीनंतर थोरलेपणाचा मान गेला आणि १८०४च्या नागरी संहितेने मुलांचा सारखा राखीव हिस्सा ठरवून टाकला. तिथे बाप मनात आले तरी मुलाला पुरते बेदखल करू शकत नाही.

अमेरिकेने थोरल्या मुलाचा कायदा टाकला, पण ट्रस्ट ठेवला. १८३०मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. विश्वस्तांनी ५० हजार डॉलरचा निधी कारखान्यांच्या आणि विमा कंपन्यांच्या शेअरमध्ये घातला होता आणि त्याची किंमत घसरली होती. न्यायमूर्ती सॅम्युएल पटनम यांनी विश्वस्तांना दोषी धरले नाही. काहीही केले तरी मुद्दलाला धोका असतोच. शहाणा माणूस स्वतःचा पैसा जसा सांभाळतो तसा विश्वस्ताने सांभाळावा, हा त्यांचा निष्कर्ष. या निकालाने विश्वस्ताला जमीन आणि सरकारी रोखे यांच्या पलीकडे पाहायला मोकळीक दिली. पुढे त्याच राज्यात १८८२मध्ये न्यायालयाने उधळ्या वारसासाठी केलेल्या ट्रस्टलाही मान्यता दिली. वारसाने कितीही कर्ज करावे, ट्रस्टमधला पैसा त्याच्या हातात पडेपर्यंत सावकाराला त्याला शिवता येत नाही.

रॉकफेलरांच्या कचेरीची सुरुवातही सहसा १८८२ची धरतात. पण तिला खरा आकार आला तो फ्रेडरिक गेट्समुळे. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक असलेल्या गेट्सना जॉन डी. रॉकफेलर यांनी १८९१मध्ये बोलावले ते मदत मागणाऱ्यांच्या पत्रांचा ढीग उपसायला. तो उपसताना त्यांनी मालकाची खासगी गुंतवणूकही चाळली. तेलात जगाला नमवणाऱ्या माणसाने ओळखीपाळखीच्यांच्या शब्दावर भलतीकडेच पैसे घातले होते आणि त्यातले बरेच बुडीत होते. अँड्र्यू कार्नेगीचे भागीदार हेन्री फिप्स यांना १९०१मध्ये पोलादाच्या व्यवसायातला वाटा विकून सुमारे ५ कोटी डॉलर मिळाले. त्यांनी १९०७मध्ये त्यासाठी बेसेमर ट्रस्ट काढला. १९७४मध्ये त्या कचेरीने इतर घराण्यांचाही पैसा सांभाळायला घेतला.

तोवर राजाची भीती नव्या वेषात परतली होती. ब्रिटनने १८९४मध्ये वारसाकर नव्याने बांधला तेव्हा कमाल दर ८ टक्के होता; १९४९पर्यंत तो ८० टक्क्यांवर गेला. १९६७मध्ये वेस्टमिन्स्टरचे चौथे ड्यूक कर्करोगाने वारले. युद्धातल्या जखमेने मरणाऱ्यांची मिळकत करमुक्त असे. ड्यूक १९४४मध्ये लढाईत जखमी झाले होते, तेव्हा त्या जखमेनेच मरण ओढवले असा दावा व्यवस्थापकांनी केला आणि १९७८मध्ये न्यायालयाने तो मानलाही. मृत्यूच्या कारणातून इतका पैसा वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. अमेरिकेत सॅम वॉल्टन यांनी १९५३मध्येच कौटुंबिक भागीदारी करून चार मुलांना प्रत्येकी २० टक्के देऊन टाकले होते. त्यांची वॉलमार्ट ही दुकानांची साखळी सुरू व्हायला अजून नऊ वर्षे होती. किंमत वाढण्याआधीच दिले तर कर कशावर लावणार? स्वीडनच्या वॉलेनबर्ग या उद्योजक घराण्याने १९१७पासून आपली मालकी प्रतिष्ठानांकडे नेली. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने १९८३मध्ये ट्रस्टच्या आयुष्यावरची मर्यादाच काढून टाकली. जस्टिनियनच्या चार पिढ्या तिथे आता मोजत नाहीत.

आणि कधीकधी दोर उलटा फिरतो. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी १९९९मध्ये, दुसऱ्या घटस्फोटाच्या वेळी, रद्द न करता येणारा ट्रस्ट केला. आपल्यामागे चार थोरल्या मुलांना सारखा मताधिकार, असे त्यात होते. पुढे त्यांना त्यांतल्या एकट्या लॅकलन या मुलाच्या हाती सूत्रे द्यावीशी वाटली. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या न्यायाधिकाऱ्याने त्याला नकार दिला. सप्टेंबर २०२५मध्ये तडजोड झाली आणि बाकीच्या तिघांना प्रत्येकी सुमारे १.१ अब्ज डॉलर देऊन बाहेर काढावे लागले. मरडॉक तेव्हा ९४ वर्षांचे होते, आणि ज्या कागदाने त्यांचे हात बांधले होते त्यावर सही त्यांचीच होती.