मोशेच्या मृत्यूची नोंद कोणाच्या हातची?

बायबलचे पहिले पाच ग्रंथ, म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद, इस्राएली लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर नेणाऱ्या मोशेने लिहिले असे ज्यू आणि ख्रिस्ती परंपरा शतकानुशतके मानत आली. (यातला ‘अनुवाद’ म्हणजे भाषांतर नव्हे. आधी सांगितलेले नियमशास्त्र पुन्हा सांगितले म्हणून अनुवाद, हा त्या शब्दाचा जुना अर्थ.) अडचण एवढीच, की अनुवादाच्या 34व्या अध्यायात मोशे मरतो, त्याला मूठमाती मिळते, आणि त्याची कबर आजवर कोणाला ठाऊक नाही असेही तिथेच लिहिले आहे.

ही विसंगती कुण्या नास्तिकाने शोधलेली नाही. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या संग्रहातल्या रब्बींनीच, म्हणजे धर्मपंडितांनीच, ती हेरली होती. शेवटची आठ वचने मोशेचा वारस योशवा याने लिहिली, असे एक मत. दुसरे मत असे, की देव सांगत गेला आणि मोशे रडत रडत लिहीत गेला. बाराव्या शतकात स्पेनचा ज्यू भाष्यकार इब्न एझ्रा याला आणखी एक जागा खटकली. अब्राहामाच्या कथेत ‘तेव्हा त्या देशात कनानी राहत होते’ असे येते (कनानी म्हणजे इस्राएलांच्या आधीचे तिथले रहिवासी). पण मोशेच्या काळीही ते तिथे होतेच, मग ‘तेव्हा’ कशाला? यात काही गूढ आहे आणि ज्याला ते उमगेल त्याने गप्प बसावे, एवढे सुचवून तो पुढे गेला. सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा मात्र गप्प बसला नाही. ज्यू समाजाने 1656मध्ये त्याला बहिष्कृत केले होते. 1670मध्ये त्याने निनावी पुस्तक काढून, हे ग्रंथ मोशेचे नव्हेत, असे स्पष्ट लिहिले.

मला यात सर्वांत गंमत वाटते ती झाँ आस्त्रुकची. पेशाने डॉक्टर, फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या पदरी असलेला. मोशेचे कर्तेपण वाचवायचे म्हणून त्याने 1753मध्ये, तेही निनावीच, एक पुस्तक लिहिले. मूळ हिब्रूत देवाला कुठे एलोहीम म्हटले आहे, कुठे यहवे. मराठी बायबलातही पहिल्या अध्यायात ‘देव’ आहे आणि दुसऱ्यात ‘परमेश्वर देव’. मोशेसमोर दोन जुनी बाडे असणार, असा आस्त्रुकचा तर्क. मोशे वाचवायला निघालेल्या माणसाने पुढच्यांच्या हाती कात्री दिली ती अशी.

कात्री चालते कशी, हे जलप्रलयाच्या कथेत दिसते. एके ठिकाणी तारू बांधणाऱ्या नोहाने प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायची, तर काही ओळींनंतर शुद्ध पशूंच्या सात-सात. एकीकडे पाऊस 40 दिवस, दुसरीकडे पाण्याचा जोर 150 दिवस. हे धागे सुटे केले तर दोन्ही कथा बऱ्याच अंशी आपापल्या वाचता येतात. याच वाटेने 1878मध्ये जर्मन अभ्यासक वेलहाउझेनने हे ग्रंथ चार वेगळ्या स्रोतांतून जुळवले गेले, ही मांडणी लोकप्रिय केली. ती नेटकी चौकट आज सर्वांना मान्य नाही, पण अनेक हात आणि अनेक शतके यावर फारसा वाद उरलेला नाही. अनुवाद ग्रंथाचा गाभा इ.स.पू. सातव्या शतकातल्या यहूदाच्या योशीया राजाच्या काळाशी जोडतात, कारण त्याच्याच कारकिर्दीत मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ ‘सापडल्याचे’ राजांच्या दुसऱ्या पुस्तकात नोंदलेले आहे.

लेखक कोण आणि घडले का, हे दोन प्रश्न मात्र वेगळे आहेत. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक त्यांची गल्लत करतात. उशिरा लिहिलेले सगळे खोटे ठरत नाही. इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या सुमारे इ.स.पू. 1208च्या शिलालेखात इस्राएलचे नाव आहे. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे 1993मध्ये मिळालेल्या अरामी शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ (म्हणजे बायबलातल्या दावीद राजाचे) असे शब्द असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. उलट योशवाने जिंकले असे बायबल सांगते त्या यरीहोत पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यनने 1952 ते 1958 या काळात खणले, तेव्हा योशवाचा म्हणून जो काळ सहसा धरतात त्या काळातला तटबंदीचे नगर मिळाले नाही.

आणि मग 1979मध्ये जेरुसलेमच्या हिन्नोम खोऱ्यालगतच्या एका थडग्यात दोन चांदीच्या गुंडाळ्या मिळाल्या. ताईतच म्हणायचे. मोठी उलगडल्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब. चांदी तडकू नये म्हणून ती उलगडण्यातच काही वर्षे गेली. आत अणकुचीदार टोकाने कोरलेला, गणना ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातल्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर होता. काळ साधारण इ.स.पू. सातव्या शतकाची अखेर ते सहाव्याचा आरंभ. वेलहाउझेनने हा भाग ज्या याजकी, म्हणजे पुरोहितांच्या, स्रोतात घातला, तो त्याच्या मते इ.स.पू. सहाव्या शतकातल्या बाबेलच्या बंदिवासानंतरचा. म्हणजे आशीर्वाद त्याहून जुना निघाला. पण आशीर्वाद ग्रंथाशिवायही तोंडोतोंडी चालतो, गळ्यातही बांधता येतो. त्या चांदीवर मोशेचे नाव नाही.