रुग्णालयातील स्तनपान साहाय्य (बेळगाव सीमाभाग)

बाळंतीण दवाखान्यात असतानाच तिला बाळ अंगावर पाजायला बसवणे, जमत नसेल तर शिकवणे आणि दूध उतरेपर्यंत धीर देणे, या कामाला स्तनपान साहाय्य म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील मराठी पट्ट्यात ते कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून चालते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या ठरवून दिल्या. १९९१ मध्ये त्यांवर आधारलेला बालस्नेही रुग्णालय उपक्रम सुरू झाला. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, त्यांचे फुकट नमुने वाटायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. ऑगस्ट २०१६ पासून स्तनपानाला प्रोत्साहन देणारा केंद्र सरकारचा ‘माँ’ कार्यक्रम चालू आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे मात्र ४१.८ टक्केच.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. बाळ रडते, भेटायला आलेली मंडळी म्हणतात, “दूधच येईना बघ तिला.” वार पडल्यानंतर दूध भरून यायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. तोवर येतो तो पिवळसर, दाट चीक. चमचा-दोन चमचेच असतो, पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिलिलिटरच मावते, आणि रोगाशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. काही घरांत जड म्हणून तो पिळून टाकायला सांगतात. अशा आजीला गोठ्यातले उदाहरण लगेच पटते: वासराला पहिला चीक मिळाल्याशिवाय आपण धार काढतो का? घाबरून वरचे दूध दिले की बाळ कमी ओढते, आणि ओढणे कमी झाले की दूधही कमी बनते. क्वचित दूध खरोखरच कमी पडते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे द्यावे लागते. त्यात आईचा काही दोष नसतो.

सर्वांत मोलाची मदत म्हणजे तिच्याजवळ बसून पकड पाहणे. बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकलेले, तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला लागलेली हवी. नुसती बोंडी तोंडात गेली तर दूध येत नाही आणि चिरा पडतात. सिझेरियनच्या आईला कुशीवर निजवून किंवा बाळ काखेखालून धरून पाजता येते. टाक्यांवर भार येत नाही. दुखणे आणि धास्ती यांनी पान्हा अडतो, म्हणून “जमतंय तुला” हे तिला कळेल अशा भाषेत सांगणे हाही उपचारच. कन्नड परिचारिका ‘एदे हालु’ म्हणते, म्हणजे अंगावरचे दूध. गरोदरपणी मिळणाऱ्या ‘तायि कार्डा’तला ‘तायि’ म्हणजे आई. मराठी कानाला ती ताई वाटते. वॉर्डातली एखादी दुभाषी आया अशा वेळी फार मोठे काम करते.

कमी दिवसांच्या बाळाला ओढता येत नसेल तर दूध स्वच्छ हाताने काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतात. आजीच्या काळचे चोचीचे बोंडले नवजात कक्षात ‘पलाडई’ म्हणून पुन्हा आले, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते. बाळाला आईच्या उघड्या छातीवर कांगारूसारखे ठेवले की ऊब मिळते आणि दूधही वाढते.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर बाळंतिणीने जरूर खावी. बाळाला मात्र पहिले सहा महिने घुटी नको, पाणीही नको. मध वर्षभर टाळावा, त्यातून जंतुविषबाधा होऊ शकते.

साध्या बाळंतपणात ४८ तासांनी घरी सोडतात, आणि दूध भरून छाती दगडासारखी होते ती नेमकी त्यानंतर. तेव्हा वारंवार पाजणे, पाजण्याआधी ऊन शेक देऊन थोडे दूध काढणे उपयोगी पडते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा वेळा तरी शू करतेय ना, हे मोजावे. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पहिलटकरीण माहेरी, सीमेपलीकडे चंदगडला जाणार असेल, तर दवाखाना सोडण्यापूर्वीच तिथल्या आशाताईंना कळवून ठेवावे.