कार्बनच्या सायकलचा रंग काढायचाय? आधी हे वाचा

आपल्याकडं संभाजीनगरात आता पहाटे दौलताबाद घाटाकडं निघालेल्या सायकलींत कार्बनच्या बऱ्याच दिसायला लागल्यात, त्यातल्या काही सेकंडहँड, रंग उडालेल्या. मग डोक्यात येतं की जुना रंग काढून नवा मारू. लोखंडी सायकलीला जे करतो तेच, म्हणजे रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) लावायचा, खरवडायचा, नाहीतर सरळ वाळूजच्या कारखान्यात पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची पूड भट्टीत वितळवून चढवतात तिथं, टाकायची. कार्बनला यातलं काहीच चालत नाही, कृपा करून करू नका.

कारण साधं आहे. लोखंडावर रंग म्हणजे धातूवर प्लास्टिकचा थर, रिमूव्हर प्लास्टिक खातो आणि धातूला हात लावत नाही. कार्बन फ्रेम मात्र स्वतःच अर्धी प्लास्टिक असते. कार्बनचे धागे ५ ते ७ मायक्रॉनचे, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे, आणि त्यांना धरून ठेवतं ते इपॉक्सी रेझिन. रंगाखालचा पहिला थर, म्हणजे प्रायमर, तोही बऱ्याचदा इपॉक्सीचाच. मिथिलीन क्लोराइड या रसायनाच्या रिमूव्हरला कुठला थर रंगाचा आणि कुठला फ्रेमचा ते कळत नाही, तो दोन्ही फुगवतो. रेझिन मऊ पडलं की धागे सुटे होतात, वरून काहीच दिसत नाही आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) घाट उतरताना तुटतो. माणसालाही तो वाईटच, अमेरिकेत घरगुती वापरासाठी २०१९ पासून त्याच्यावर बंदी आहे.

उष्णतेचंही तसंच. फ्रेमचं इपॉक्सी साधारण १०० ते १५० डिग्रीच्या मधे कुठंतरी मऊ व्हायला लागतं आणि पावडर कोटिंगची भट्टी असते १८०-२०० ची, हीट गन तर ५०० च्या वर जाते.

मग राहतो वॉटर पेपर (ओला घासायचा सँडपेपर), पाणी आणि हात. ३२० नंबरपासून सुरुवात करा, मग ४००, शेवटी ६००. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, पेपरमागं मऊ फोम धरा, कारण फ्रेमची नळी गोल असते आणि बोटांनी दाबलं की खड्डे पडतात. ग्राइंडर किंवा ड्रिलचा तारेचा ब्रश अजिबात नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फडक्यावर येणाऱ्या पाण्याकडं बघत राहणं. वरचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) निघतो तेव्हा ते दुधाळ येतं, मग लाल-निळं जो रंग असेल तो, मग प्रायमरचं राखाडी किंवा पांढरं. रंग काळा नसताना पाणी काळं यायला लागलं की हात तिथंच थांबवा, तुम्ही धाग्यांना लागलात. नळीची भिंत बऱ्याच ठिकाणी जेमतेम १ मिलिमीटरची असते, त्यातला एक थर गेला तरी ताकद कमी होते. खरं तर प्रायमर घट्ट असेल तर तो काढायचाच कशाला, खरखरीत करून त्याच्यावरच रंग मारा.

कोरडं घासू नका, ती पूड श्वासात जाते, अंगाला खाजवते आणि वीजवाहक असल्यामुळं स्विचबोर्डात गेली तर शॉर्ट होऊ शकतं. ओलं घासतानाही एन-९५ मास्क आणि हातमोजे घालाच.

नंतर उन्हाच्या यूव्ही किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट हवाच, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून भुगा व्हायला लागतं. टू-के क्लिअरमध्ये (हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर कोट) असलेल्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला घातक, त्यामुळं ते काम गाड्यांच्या पेंटरकडं द्या, फक्त त्याला आधीच सांगा की बूथचं (रंग मारून वाळवायच्या खोलीचं) तापमान ६० डिग्रीच्या वर न्यायचं नाही.